डोंगराळ भागातून रोड बाईकचा लूप आखताना नेमकं काय बघायचं? चढाई, बाजू, गिअर सगळ्यात गोंधळ

सपाट_रस्ता:
नमस्कार मंडळी. सपाटीवर ९०-१०० किमी मला जमतं, दुसऱ्या दिवशी पाय पण ठीक असतात. आता डोंगरातून, छोट्या छोट्या गावांमधून जाणारा लूप करायची फार इच्छा आहे, हायवे अजिबात नको. मॅपवर रूट काढला तर अंतर ८५ किमी आलं, म्हटलं होऊन जाईल, पण एका ॲपमध्ये एकूण चढाई १४०० मीटर दिसते आणि तोच रूट दुसऱ्या ॲपमध्ये टाकला तर १८५० मीटर! यातलं खरं कुठलं धरायचं? दुसरं म्हणजे वाटेत एक मोठी खिंड आहे, एका बाजूने चढलं तर ९ किमी आणि सरासरी ५ टक्के, दुसऱ्या बाजूने ५ किमी आणि ९ टक्के. लूप असल्यामुळे कुठल्याही दिशेने करता येईल, तर कुठून चढू? सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं, मागे ११ ते २८ दातांची, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासून थांबवणारे), २५ मिमीचे टायर. बरोबर एक मैत्रीण येणारे, ती माझ्यापेक्षा बरीच फास्ट आहे. हे सगळं कसं ठरवायचं ते नीट सांगा प्लीज, नुसतं "जाऊन बघा" नको.

कंटूर_वाचक:
ताई, आधी आकड्यांचं बघू कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. बहुतेक ॲप उंचीचा डेटा उपग्रह किंवा अवकाश शटलवरून केलेल्या मोजणीतून घेतात, त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने रडारने गोळा केला होता. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. आता डोंगराच्या कुशीत कापून काढलेला रस्ता असेल तर त्या एका चौकोनात रस्ताही येतो आणि वरची दरडही येते, मग सपाट रस्त्यावरही ॲपला चढउतार चढउतार दिसत राहतात. पूल असेल तर ॲप तुम्हाला थेट दरीत उतरवून परत वर काढतं, बोगदा असेल तर डोंगराच्या डोक्यावरून नेतं. हे खोटे चढ कोण किती गुळगुळीत करून घेतं त्यावर शेवटचा आकडा ठरतो, म्हणून १४०० आणि १८५० असा फरक येतो. दरीच्या कडेने जाणारा रस्ता जितका जास्त तितका हा फरक मोठा. मी अशा वेळी कमी आकड्याच्या जवळपास धरतो पण तयारी मधल्या आकड्याची ठेवतो, आणि त्या रूटवर कोणी खरंच सायकल चालवून रेकॉर्ड केलेली राईड मिळाली, ती पण हवेच्या दाबावर उंची मोजणाऱ्या डिव्हाइसने, तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

पण खरं सांगू का, एकूण चढाईच्या आकड्यापेक्षा ती चढाई कशी वाटली गेलीय ते बघा. ढोबळ हिशोब असा की दर किमीला १० मीटरच्या आसपास चढाई म्हणजे थोडं वरखाली, आणि २० मीटरच्या आसपास गेलं की तो दिवस खरा डोंगराचा. तुमचा १४०० धरला तरी साडेसोळा येतो, म्हणजे चांगलाच डोंगर आहे. सपाटीवरच्या १०० किमीशी याची तुलनाच करू नका.

आणि सरासरी टक्के हा तर सगळ्यात फसवा आकडा. फ्रान्समधल्या मों व्हाँतू डोंगराचं उदाहरण घ्या, बेदुआँ गावाकडून २१ किमीच्या आसपास चढ आणि सरासरी साडेसात टक्के, वाचायला एकसारखा वाटतो, पण सुरुवातीचे पाचेक किमी बऱ्यापैकी सौम्य आहेत, आणि मग एका वळणावर जंगल सुरू होतं आणि पुढे किलोमीटरच्या किलोमीटर ९-१० टक्के. ज्यांनी सौम्य भागात जोर लावून घेतला ते जंगलात संपतात. उलट तिथलाच आल्प द्युएझचा घाट, १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं, तिथे सगळ्यात उभा भाग पायथ्यालाच आहे. म्हणून तुमच्या ९ किमी ५ टक्क्यांत मध्ये २ किमी सपाट आणि शेवटी ११ टक्के असं काही लपलंय का ते प्रोफाइल मोठं करून प्रत्येक किमीचं वेगवेगळं बघा.

ॲपवर विश्वास नसेल तर कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा उघडा, मला तरी सगळ्यात आवडतो तो हाच प्रकार. रस्ता रेषांना समांतर जात असेल तर चढ जवळपास नाही, रेषा आडव्या कापत जात असेल तर उभा चढ. दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक असेल आणि एका किमीत रस्त्याने ४ रेषा कापल्या तर ८० मीटर, म्हणजे ८ टक्के. दहा मिनिटांत सगळा रूट हाताने तपासून होतो आणि खोटे चढ लगेच गळून पडतात.

अजून एक, रस्ता कशासाठी बांधला गेला यावरून त्याचा स्वभाव कळतो. नदीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता हळूहळू चढतो. जुन्या काळी बैलगाड्या, घोडागाड्या चढाव्यात म्हणून काढलेले रस्ते लांब वळसे घेतात पण चढ बराचसा एकसारखा ठेवतात, सायकलला यासारखं सुख नाही. वाडीवस्तीला जोडायला नंतर केलेले रस्ते मात्र पायवाटेवरच डांबर टाकल्यासारखे सरळ वर घुसतात, १५-१८ टक्क्यांचे तुकडे तिथेच भेटतात. आणि एकामागून एक दऱ्या आडव्या ओलांडत जाणारा रस्ता सगळ्यात थकवणारा, उतरलेलं सगळं लगेच परत चढायचं. नवीन हायवे झाल्यावर ओस पडलेला जुना रस्ता शेजारी असेल तर आधी तो बघा, रुंदी चांगली, चढ हिशोबात आणि गाड्या कमी.

खिंड_आणि_धार:
वरच्यांनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त बाजूबद्दल बोलतो. माझं मत स्पष्ट आहे, उभ्या बाजूने चढा आणि सौम्य बाजूने उतरा. उभ्या चढावर वेग ७-८ चा असतो, त्या वेगाला खड्डा आला, गुरं आली, समोरून ट्रक आला तरी काही बिघडत नाही. तोच ९ टक्के उतरताना रिम ब्रेकवर हात आखडेपर्यंत लिव्हर दाबत बसावं लागतं. ४५० मीटर उतरताना तुमचं आणि सायकलचं मिळून ७५ किलो वजन धरलं तर साधारण ३३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी ना, ती एकतर हवेच्या विरोधात जाते नाहीतर ब्रेकमधून रिममध्ये उष्णता म्हणून. ५ टक्क्यांच्या मोकळ्या रस्त्यावर बराचसा भाग हवा खाते, ९ टक्क्यांच्या वळणावळणाच्या रस्त्यावर हळू जायचं म्हणून जवळपास सगळं रिममध्ये. रिम फार तापली की आतली ट्यूब फुटू शकते, आणि ती उतारावर पुढच्या चाकाची फुटली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्याने उभा उतार टाळावा असं मी कळकळीने सांगेन.

सावकाश_चढ:
खिंड_आणि_धार, उताराबद्दल शंभर टक्के मान्य, पण तुम्ही ताईंचा गिअर बघितला का? सगळ्यात हलका म्हणजे पुढे ३४, मागे २८. ७० च्या केडन्सने (मिनिटाला पॅडलच्या ७० फेऱ्या) फिरवलं तर वेग १०.७ येतो, ७-८ नाही. ७५ किलोला ९ टक्क्यांवर १०.७ ने चढवायला २१०-२२० वॉट लागतात, तेही ५ किमी म्हणजे जवळजवळ अर्धा तास न थांबता. सपाटीवर मजेत १०० किमी करणाऱ्याकडे एवढी पॉवर असेलच असं नाही. मग काय होतं, केडन्स ४५-५० वर येतो, माणूस उभा राहून एकेक पॅडल ढकलतो, गुडघ्यावर सगळा ताण आणि माथ्यावर पोचेपर्यंत मांड्या संपलेल्या, आणि पुढे अजून ४०-५० किमी बाकी. सौम्य बाजूने चढल्यावर हेच ४५० मीटर ११०-१२० वॉटला, तासाला १० किमीच्या वेगाने गप्पा मारत होतात. व्हाँतूलाच सो गावाकडून एक रस्ता आहे, २६ किमी पण साडेचार टक्क्यांच्या आसपास, शिखर तेच. लांब आहे म्हणून तो हलका रस्ता ठरत नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला माथा दिसण्याची खात्री तिथे जास्त.

म्हणजे प्रश्न बाजूचा नाहीच, गिअरचा आहे. मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) ११-३४ करून घ्या. ३४-३४ म्हणजे पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, ७० च्या केडन्सला वेग ८.८ आणि तोच ९ टक्के १७५-१८० वॉटला, केडन्स ६० वर आणलात तर अजून कमी. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दातांना चालतो का ते आधी मेकॅनिककडून बघून घ्या, छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरला बऱ्याचदा जमत नाही, आणि चेनही लांब लागेल, जुनी तशीच ठेवली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चक्रावर चेन गेली की अडकून डिरेलर तुटतो. हे झालं तर मग मीही म्हणेन उभ्या बाजूने चढा. नाही झालं तर सौम्य बाजूने चढा आणि उभा उतार थांबत थांबत उतरा, दोन-तीनदा सुरक्षित जागा बघून उभं राहायचं, रिमला हात न लावता नुसता जवळ नेऊन बघायचा किती तापलीय ते.

खिंड_आणि_धार:
हो गिअरचा मुद्दा बरोबर आहे, ११-२८ वर मी पण ९ टक्के कोणाला सुचवणार नाही. कॅसेट बदला ताई, खरंच. डोंगरात हलका गिअर असणं म्हणजे कमी ताकदीचं लक्षण असं काही लोक अजून मानतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, आता शर्यतीतले लोकही उभ्या घाटासाठी मागे ३० ते ३४ दातांपर्यंतची कॅसेट लावतात.

दरीकाठ:
उताराबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण गावांमधून जाणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर माणसं पडतात ती उतारावर. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा आणि सोडा, म्हणजे रिमला मधल्या सरळ पट्ट्यात गार व्हायला वेळ मिळतो. वळणात सायकल कललेली असताना ब्रेक मारायची वेळ आली तर समजा आत येतानाच वेग जास्त होता. हात ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), तिथून लिव्हरवर पकड चांगली बसते आणि वजनही खाली येतं. बाहेरचा पाय खाली, त्यावर भार, आणि नजर वळण जिथे संपतंय तिथे, खड्ड्याकडे किंवा कठड्याकडे बघत राहिलात तर सायकल तिकडेच जाते. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं हे कायम डोक्यात ठेवा, आणि रिम ओली असेल तर ब्रेक धरायला आणखी एक-दोन सेकंद जातात. पावसात किंवा पाऊस पडून गेल्यावर अधूनमधून हलके ब्रेक लावून रिम पुसून घेत चला.

वळणाच्या आतल्या कडेला खडी-माती साचते, पावसाच्या पाण्याने वाहून आलेली, गाड्यांच्या चाकांनी फेकलेली. कापणीच्या दिवसांत शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात तिथे चिखलाचे गोळे असतात, वाळले की ठीक पण ओले असतील तर साबण. झाडांच्या सावलीतला जो भाग सकाळी उशिरापर्यंत ओला राहतो तिथे शेवाळ धरतं, उन्हातून एकदम सावलीत शिरताना डोळ्यांना काही दिसत नाही आणि नेमकं तिथेच ते असतं. गावाच्या आधी वेग अगदी कमी, कुत्री, कोंबड्या, लहान मुलं, गतिरोधक. आणि आंधळ्या वळणावर कधीही आपली बाजू सोडू नका, रस्ता कितीही रिकामा वाटू दे, कारण गाडी नसते नसते आणि एकदम येते.

२५ च्या टायरबद्दल, फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ टाका, हवा थोडी कमी ठेवता येते आणि खडबडीत डांबरावर पकड आणि आराम दोन्ही सुधारतं. दोन ट्यूब न्या, एक नाही.

सपाट_रस्ता:
बापरे, केवढी माहिती, मनापासून धन्यवाद सगळ्यांना! प्रोफाइल मोठं करून बघितलं तर सौम्य बाजूला खरंच शेवटचा दीड किमी ९-१० टक्के आहे, आधीचा भाग बराच हलका. हे सरासरीत कळलंच नसतं. कॅसेटचं मेकॅनिकला विचारते. आता दोन गोष्टी राहिल्या, वेळ किती धरू? आणि मैत्रिणीबरोबर कसं जमवायचं? ती पुढे निघून जाईल आणि मी तिला गाठायच्या नादात दमेन अशी भीती आहे.

सावकाश_चढ:
वेळेचा हिशोब अंतरावर करू नका, चढ वेगळा आणि बाकीचं वेगळं असा करा. पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्या पण चांगल्या तयारीच्या माणसाने तासाला ५०० मीटर उंची धरावी, म्हणजे १४०० ला पावणेतीन-तीन तास. सरासरी ५ टक्के धरले तर एवढी उंची २८ किमीत येते, उरले ५७, त्यात उतार आणि सपाट मिळून २५ च्या वेगाने सव्वादोन तास. पाच-सव्वापाच तास सायकलवर आणि थांबे धरून सहा. ॲप सहसा याहून कमी वेळ दाखवतं, त्यावर विसंबून अंधाराच्या हिशोबात राहू नका, पुढे-मागे लाईट लावूनच निघा.

सहा तास म्हटलं की खाणं आलं. सुरुवातीपासून तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. चढावर धाप लागलेली असताना घास गिळवत नाही, त्यामुळे चढ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी आणि माथ्यावर असं ठरवून खा. पाणी कुठे कुठे भरता येईल ते आधीच नकाशावर टिपून ठेवा, डोंगरात दोन गावांमध्ये अंतर कमी दिसलं तरी मध्ये चढ असला तर ते तासाभराचं असतं.

कंटूर_वाचक:
वाऱ्याचं पण बघा. डोंगराळ भागात दिवस तापला की वारा दरीतून वर वाहायला लागतो आणि रात्री-पहाटे उलटा, वरून खाली. म्हणजे दुपारी खोऱ्यातून खाली परत येताना उतार असूनही समोरून वारा लागतो आणि वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलंय. लूपचा शेवटचा लांब पट्टा खोऱ्यातून खाली येणारा असेल तर त्याला जास्त वेळ धरा. मोठी खिंड पहिल्या अर्ध्यात येईल अशी दिशा मला पसंत आहे, पाय ताजे असतात आणि ऊनही कमी असतं. पण अगदी पहिल्या पाच किमीत नको, आधी अर्धा तास तरी पाय गरम व्हायला मिळाला पाहिजे.

आणि रूटमध्ये एक सुटका ठेवा. खिंडीच्या पायथ्याजवळ असा फाटा शोधा जिथून न चढता कमी अंतरात परत येता येईल. तिथे पोचेपर्यंत पाय जड झाले असतील, पाऊस दिसत असेल, उशीर झाला असेल तर सरळ वळायचं. दरीत नेटवर्क जातंच, तेव्हा नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा आणि वळणाच्या गावांची नावं कागदावर लिहून खिशात. माथ्यावर पातळ विंडशीटर लागेलच, दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, ४५० मीटरला तीन अंश, ऐकायला कमी वाटतं पण घामाने भिजलेल्या कपड्यांत ४० च्या वेगाने उतरताना बोटं बधिर होतात आणि मग ब्रेक धरवत नाही.

दरीकाठ:
मैत्रिणीचं सोपं आहे. चढावर प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचं हे निघण्याआधीच बोलून घ्या, आणि भेटायच्या जागा नक्की करा, माथा, उतार संपल्यावरचं पहिलं गाव, आणि प्रत्येक फाटा. फाट्यावर पुढच्याने थांबायचंच, हा नियम मोडायचा नाही, चुकामूक होते ती तिथेच. सपाटीवर मागच्याला पुढच्याच्या आडोशाचा फायदा मिळतो, चढावर १० च्या वेगाला तो जवळपास नसतो, म्हणून तिच्या चाकामागे राहायचा प्रयत्न करून तुमच्या हाती काही लागत नाही. पहिली पंधरा मिनिटं अशी चढा की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आणि ती माथ्यावर लवकर पोचली तर तिला जाकीट घालून बसायला सांगा, वाट बघताना थंडी वाजते. तुम्ही पोचल्यावर लगेच निघू नका, तुम्हालाही पाच-दहा मिनिटं दम खाऊ द्या, बऱ्याचदा पुढचा विश्रांती घेऊन तयार असतो आणि मागचा पोचला रे पोचला की दोघं उताराला लागतात. दमलेल्या हातांनी उतार करू नये.

सपाट_रस्ता:
हे फाट्यावर थांबायचं आणि माथ्यावर दम खायचं आत्ताच तिला पाठवते. मेकॅनिक म्हणाला डिरेलर ३२ पर्यंत चालेल, ३४ नाही. ३२ ला उभी बाजू चढू का?

सावकाश_चढ:
३४-३२ ला ७० च्या केडन्सवर वेग ९.४ येईल, ९ टक्क्यांना १९० वॉटच्या आसपास. ६० चा केडन्स ठेवलात तर ८ चा वेग आणि १६०-१६५. आधी जवळपास कुठेतरी ८-९ टक्क्यांचा एखाद-दोन किमीचा तुकडा शोधून दोनदा चढून बघा, दुसऱ्यांदाही बसून ६० च्या वर पॅडल फिरत असेल तर उभी बाजू घ्या. नसेल तर सौम्य बाजूने जा, शेवटच्या दीड किमीसाठी पाय राखून ठेवा आणि उतरताना दरीकाठने सांगितलंय तसे ब्रेक वापरा. ब्रेक पॅड मात्र निघण्याआधी नवीन टाका, दोन्ही चाकांना.